भत्ता, कर्ज आणि जामीनदार: घानाच्या एका शिक्षणमंत्र्यांच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

2013 साली घाना सरकारने अध्यापक महाविद्यालयांत शिकणाऱ्या भावी शिक्षकांना दरमहा मिळणारा भत्ता बंद केला आणि त्याऐवजी शैक्षणिक कर्ज देऊ केलं. त्या वेळी शिक्षणमंत्री होत्या प्रा. नाना जेन ओपोकू-अजेमांग. या एका निर्णयाने पुढची अकरा वर्षं त्यांची पाठ सोडली नाही. 2016 मध्ये त्यांचं सरकार गेलं. 2020 मध्ये त्या स्वतः उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या आणि हरल्या. 2024 मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि 7 जानेवारी 2025 रोजी घानाच्या पहिल्या महिला उपराष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी शपथ घेतली.

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. इथे मुख्य व्यक्ती राष्ट्रीय पदावर आहे आणि सगळा व्यवहार उघड्यावर झालेला आहे, त्यामुळे सार्वजनिक पदांवरच्या माणसांची नावं तशीच ठेवली आहेत. विद्यार्थी, पालक, गावातले शिक्षक मात्र निनावीच राहतील.

त्यांची ओळख सगळीकडे ‘पहिल्या महिला अमुक, पहिल्या महिला तमुक’ अशीच करून दिली जाते. ती खोटी नाही, पण तिच्यात त्यांनी केलेलं काम दिसत नाही. एखाद्या बाईने सत्तेत बसून एक अवघड निर्णय घेतला, तो निम्मा बरोबर होता, निम्मा फसला, आणि त्याची किंमत तिने वर्षानुवर्षं मोजली. मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. पुरुष मंत्र्यांचे निर्णय आपण असेच तपासतो. मग यांचेही तसेच तपासले पाहिजेत.

पार्श्वभूमी: व्यक्ती

जन्म 1951 चा, केप कोस्टचा. अटलांटिकच्या काठावरचं हे गाव ज्या किल्ल्यासाठी ओळखलं जातं, त्याच किल्ल्यातून गुलाम म्हणून पकडलेली माणसं जहाजात चढवली जात. पुढे प्राध्यापक झाल्यावर गुलामांचा व्यापार, मौखिक साहित्य आणि आफ्रिकी वंशाच्या लेखिका हे त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं तेच पुढे अभ्यासात आलं.

शिक्षण केप कोस्टच्या वेस्ली गर्ल्स हायस्कूलमध्ये, मग केप कोस्ट विद्यापीठात इंग्रजी आणि फ्रेंच घेऊन पदवी. काही काळ सेनेगलमधल्या डाकारला फ्रेंचचा पुढचा अभ्यास, त्यानंतर कॅनडात टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातून एम.ए. आणि पीएच.डी. 1986 मध्ये परत येऊन त्यांनी केप कोस्ट विद्यापीठातच शिकवायला सुरुवात केली. विभागप्रमुख, वसतिगृहाच्या वॉर्डन, अधिष्ठाता अशा पायऱ्या चढत ऑक्टोबर 2008 मध्ये त्या कुलगुरू झाल्या. घानातल्या कोणत्याही सरकारी विद्यापीठाच्या कुलगुरुपदी याआधी बाई बसली नव्हती.

पुढच्या घटनांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. केप कोस्ट विद्यापीठ 1962 मध्ये सुरूच झालं ते देशाला शिक्षक मिळावेत म्हणून. गावोगावच्या अध्यापक महाविद्यालयांच्या परीक्षा घेणं आणि पदविका देणं हे कामही याच विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेकडे होतं. ज्या विद्यार्थ्यांचा भत्ता पुढे बंद झाला, त्यांची प्रमाणपत्रं नाना जेन यांच्याच विद्यापीठातून निघत होती. मंत्री म्हणून बाहेरून येऊन कुणी अनोळखी खात्यावर कुऱ्हाड चालवली, असं हे प्रकरण नव्हतं.

‘नाना’ म्हटलं की आपल्याला घरातले वडीलधारे पुरुष आठवतात. अकान भाषिकांत ‘नाना’ हा मान आजीलाही मिळतो, आजोबांनाही आणि गावच्या प्रमुखालाही. घानात त्यांना ‘प्रोफेसर नाना जेन’ असंच म्हणतात. नावाआधी पदवी जी लागली, ती राजकारणात आल्यावरही सुटली नाही.

पार्श्वभूमी: देश

घानाने बायकांना राजकारणात आणण्याचा प्रयोग फार लवकर केला. 1960 मध्ये क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने खास कायदा करून संसदेत दहा महिला आणल्या. त्यांपैकी सुझाना अल-हसन पुढे मंत्री झाल्या. 1966 च्या लष्करी बंडाने एन्क्रुमांची राजवट उलथली आणि ही वाटही मोडली. त्यानंतर लष्कर आणि लोकशाही यांचा लपंडाव चालू राहिला. 1992 च्या राज्यघटनेनंतर निवडणुका नियमित झाल्या, तरी संसदेतला महिलांचा वाटा फारसा हलला नाही. 2020 मध्ये 275 पैकी 40 महिला निवडून आल्या आणि तोपर्यंतचा तोच उच्चांक होता. न्यायालय आणि संसदेच्या आसनावर मात्र बायका पोचल्या होत्या: जॉर्जिना वुड 2007 मध्ये सरन्यायाधीश झाल्या आणि जॉयस बॅमफर्ड-आडो 2009 मध्ये सभापती.

घानाच्या घटनेनुसार बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांमधूनच घ्यावे लागतात, पण उरलेले राष्ट्राध्यक्ष बाहेरून घेऊ शकतात. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, तशी अट तिथे नाही. 2012 च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन आटा मिल्स यांचं पदावर असताना निधन झालं. उपराष्ट्राध्यक्ष जॉन महामा त्यांच्या जागी आले आणि डिसेंबरची निवडणूक अगदी थोड्या फरकाने जिंकले. 2013 च्या सुरुवातीला त्यांनी नुकत्याच कुलगुरुपदावरून उतरलेल्या नाना जेन यांना शिक्षण खातं दिलं. वय 61. एकही निवडणूक लढवलेली नव्हती.

ही वाट सोपी होती आणि तिच्यातच पुढचा धोका होता. ज्याला मतदारसंघ नसतो त्याला मतदाराचा धाकही नसतो, आणि त्यामुळे कठोर निर्णय घेता येतात. पण तो निर्णय अंगावर आला की ‘ही आमची बाई आहे’ म्हणून मध्ये पडणारं गावही नसतं.

पेच

घानात तेव्हा 38 सरकारी अध्यापक महाविद्यालयं होती. प्राथमिक आणि उच्च प्राथमिक शाळांना शिक्षक पुरवायचे ते यांनी. विद्यार्थ्यांना सरकारकडून दरमहा भत्ता मिळे. तो अनेक वर्षांचा रिवाज होता. गरीब घरातल्या, विशेषतः उत्तरेकडच्या आणि खेड्यातल्या मुलामुलींसाठी पदरमोड न करता नोकरीपर्यंत पोचण्याची ही भरवशाची शिडी होती.

गाठ अशी होती की भत्त्यासाठी अंदाजपत्रकात जेवढी रक्कम, तेवढ्याच विद्यार्थ्यांना प्रवेश. प्रत्येक महाविद्यालयाला कोटा ठरवून दिलेला. इमारतीत जागा असली, अर्ज भरपूर आले, तरी कोट्याबाहेरच्या मुलाला परत जावं लागे. दुसऱ्या बाजूला खेड्यातल्या शाळांत प्रशिक्षण न घेतलेले शिक्षक फळ्यासमोर उभे होते. म्हणजे जो आत आला त्याला भत्ता मिळत होता, आणि त्याच भत्त्यामुळे दुसरा दाराबाहेर राहत होता.

भर पडली ती 2012 च्या अध्यापक महाविद्यालय कायद्याची. या कायद्याने ही महाविद्यालयं उच्च शिक्षणाच्या दर्जाची झाली. मग प्रश्न आला की विद्यापीठातला विद्यार्थी कर्ज काढून शिकतो, तर त्याच दर्जाच्या अध्यापक महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला भत्ता का?

तिजोरीही रिकामी होती. सरकारी पगारांचा बोजा वाढला होता, चलन घसरत होतं, वीज जात-येत होती. या भारनियमनाला घानात ‘डुमसोर’ म्हणतात: डुम म्हणजे विझव, सो म्हणजे पेटव. शेवटी एप्रिल 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे 91.8 कोटी डॉलरचं साहाय्य घ्यावं लागलं. अशा दिवसांत कुठल्याही खात्याला जादा पैसे मिळणार नव्हते.

समोरचे मार्ग

मंत्रिमंडळाच्या बंद खोलीत काय चर्चा झाली हा या अभ्यासाचा विषय नाही. परिस्थिती समोर ठेवून कोणते मार्ग दिसत होते, ते मांडतो.

पहिला मार्ग म्हणजे काहीच न करणं. भत्ता चालू, कोटा चालू. कुणी रस्त्यावर येणार नाही, कारण ज्यांना प्रवेश मिळालाच नाही त्यांची संघटना नसते. कुठल्याही सरकारला हाच मार्ग सगळ्यात ओढून घेतो.

भत्ता ठेवून जागा वाढवण्याचा दुसरा मार्ग सगळ्यांना गोड, पण त्यासाठी पैसा नव्हता.

तिसरा मार्ग भत्ता सरसकट काढून कर्ज द्यायचा, म्हणजे कोटाही उठतो. हाच घेतला गेला.

चौथा होता तो ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच भत्ता आणि बाकीच्यांना कर्ज. कागदावर हा सगळ्यात न्याय्य. पण गरज ओळखायची कशी? ज्या देशात बहुतेक कुटुंबं शेतीवर, मासेमारीवर, बाजारातल्या टोपलीवर जगतात, तिथे उत्पन्नाचा दाखला कोण देणार आणि त्यावर विश्वास कोण ठेवणार? मागासवर्गीय शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तलाठ्याच्या कार्यालयात ज्याने हेलपाटे घातले आहेत, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

माझ्या मते चौथ्या मार्गाची एखादी कच्ची आवृत्ती तरी करून बघायला हवी होती. तिच्याकडे पुन्हा येतो.

निर्णय आणि अंमल

2013-14 या शैक्षणिक वर्षापासून भत्ता गेला आणि त्याच्या जागी विद्यार्थी कर्ज निधीचं कर्ज आलं. कोटा उठला आणि प्रवेश वाढले. सरकारने निर्णयाचं समर्थन केलं ते याच मुद्द्यावर, आणि मुद्दा खरा होता. भत्ता चालू राहिला असता तर जी मुलं दाराबाहेर राहिली असती, ती आत आली. निर्णय एकट्या मंत्र्यांचा नव्हता, सरकारचा होता. परिचर्या शिकणाऱ्यांचा भत्ताही याच सरकारने बंद केला आणि तो विषय आरोग्य खात्याचा होता. पण शिक्षकांच्या बाबतीत लोकांना चेहरा दिसला तो नाना जेन यांचा.

आता कर्जाचा अर्ज जवळून बघू. त्या काळी या निधीतून कर्ज घ्यायचं तर जामीनदार लागे. जामीनदार म्हणजे सामाजिक सुरक्षा निधीत नियमित वर्गणी भरणारा माणूस, अर्थात पगारदार. घानात या निधीला बोलीत ‘स्निट’ म्हणतात. पगारदार नसेल तर एखादी धार्मिक संस्था, कंपनी किंवा जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था जामीन राहू शके.

उत्तर घानातल्या एखाद्या खेड्यातली मुलगी डोळ्यांसमोर आणा. आई बाजारात शिया झाडाच्या बियांचं लोणी विकते, वडिलांची ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती. घरात कुणाच्या नावावर स्निटचा क्रमांक नाही, गल्लीत नाही, आळीतही नाही. गावात स्निट भरणारा एकच माणूस, शाळेतले मास्तर, आणि त्यांनी आधीच दोघांना सही दिलेली. कोटा उठल्यामुळे या मुलीला प्रवेश मिळाला. पण ज्या कर्जाच्या भरवशावर कोटा उठवला, ते कर्ज मिळायला तिच्याकडे सही नाही. जिच्यासाठी दार उघडलं, तीच उंबऱ्यावर अडकली.

अभ्यासक्रमाची रचनाही बघायला हवी. तेव्हाची पदविका तीन वर्षांची होती. दोन वर्षं महाविद्यालयात आणि तिसरं वर्ष बाहेर, एखाद्या गावच्या शाळेत शिकवायचं. त्या तिसऱ्या वर्षी भाडं स्वतः भरायचं, चूल स्वतः पेटवायची, शाळेत नीटनेटक्या कपड्यांत जायचं. पूर्वी हे वर्ष भत्त्यावर निघून जाई. भत्ता गेल्यावर सगळ्यात जास्त चटका बसला तो याच वर्षाला.

मोठ्या हिशोबात निर्णय बरोबर होता. फसला तो त्या सहीच्या रकान्यात. मंत्र्यांनी महाविद्यालयं आतून पाहिलेली होती, परीक्षांचे निकाल त्यांच्या विद्यापीठातून जात होते. पण महाविद्यालय माहीत असणं वेगळं आणि विद्यार्थ्याच्या घरी महिन्याच्या विसाव्या तारखेला काय शिजतं हे माहीत असणं वेगळं.

राग साठत गेला

त्याच काळात खात्यासमोर इतरही भांडणं उभी राहिली. विद्यापीठ आणि तंत्रनिकेतनांच्या प्राध्यापकांचा पुस्तक आणि संशोधन भत्ता काढून त्याऐवजी संशोधन निधी उभारायचा बेत होता. त्यावरून संप झाले. कालपर्यंत कुलगुरू असलेल्या बाईंसमोर त्यांचेच सहकारी घोषणा देत होते. नव्याने नेमलेल्या शिक्षकांची थकबाकी कितीही महिन्यांची असो, पगार तीनच महिन्यांचा देण्याचं धोरण आलं आणि त्यावरूनही शिक्षक चिडले.

पाहा, तिन्ही ठिकाणी घाव शिक्षकावरच. शिकणारा शिक्षक, नवा शिक्षक आणि प्राध्यापक. प्रत्येक निर्णयामागे तिजोरीचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. पण एकाच वर्गाला एकामागून एक तीनदा ‘थोडं सोसा’ म्हटलं, की चौथ्यांदा तो ऐकून घेत नाही.

या काळात बांधणीचं कामही झालं. 200 नव्या निवासाशिवायच्या माध्यमिक शाळांचं आश्वासन होतं. त्यांतल्या काही उभ्या राहिल्या, बऱ्याच अर्धवट राहिल्या. 2015 पासून माध्यमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करायला सुरुवात झाली. 2016 च्या कायद्याने तंत्रनिकेतनांची तंत्र विद्यापीठं झाली. पण इमारत दिसायला वेळ लागतो, आणि खिशातून गेलेला भत्ता पहिल्याच महिन्यात दिसतो.

विरोधी एनपीपी (न्यू पेट्रिऑटिक पार्टी) पक्षाने 2016 च्या प्रचारात आश्वासन दिलं: भत्ता परत देऊ. महामा सरकार डिसेंबरमध्ये पडलं. एनपीपीचे उमेदवार नाना आकुफो-आडो यांना सुमारे 54 टक्के मतं मिळाली, महामांना सुमारे 44. पराभवाला वीज, महागाई, भ्रष्टाचाराचे आरोप अशी अनेक कारणं होती. सगळं खापर भत्त्यावर फोडणं अन्यायाचं होईल. पण विद्यार्थी शिक्षकांच्या घरातली मतं गेली, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

2017 मध्ये नव्या सरकारने भत्ता पुन्हा सुरू केला. तेव्हाचे शिक्षणमंत्री होते मॅथ्यू ओपोकू प्रेम्पे. हे नाव पुढे पुन्हा येईल.

दुसरा निर्णयबिंदू: 2020

6 जुलै 2020 रोजी महामांच्या एनडीसी (नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस) पक्षाने त्यांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाना जेन यांचं नाव जाहीर केलं. घानाच्या दोन मोठ्या पक्षांपैकी कुणीही याआधी या जागेवर बाई दिली नव्हती.

निवडीची कारणं उघड होती. सेंट्रल रीजन हा दोन्ही पक्षांकडे झुकू शकणारा प्रदेश आणि त्या तिथल्या. विद्यापीठातली प्रतिष्ठा होती. देशाच्या निम्म्या मतदार बायका. विरोधातली कारणंही तितकीच उघड होती. निवडणूक कधी लढवलेली नाही, सभेत आवाज चढवून बोलायची सवय नाही, आणि गळ्यात भत्त्याची माळ.

सत्ताधाऱ्यांनी ती माळ लगेच हातात घेतली. ‘भत्ता बंद करणाऱ्या बाई’ हे त्यांचं नवं नाव झालं. आता पक्षापुढे प्रश्न उभा राहिला: 2013 चा निर्णय बरोबर होता म्हणून ठाम राहायचं, की चूक कबूल करायची, की विषय टाळायचा? पक्षाने मधली वाट काढली. निर्णयाचा हेतू प्रवेश वाढवण्याचा होता असं सांगायचं, आणि पुढे भत्ता चालूच ठेवू असं वचन द्यायचं.

व्यवहाराच्या दृष्टीने ही वाट समजण्यासारखी आहे. तरी माझ्या मनात एक खटकतं. जो निर्णय घेताना ‘कोट्यामुळे मुलं बाहेर राहतात’ हे कारण दिलं, तेच कारण 2020 मध्येही जिवंत होतं. भत्ता चालू ठेवायचा तर जागांचं काय करणार, हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी भत्त्याची बोली लागली आणि दाराबाहेरचा विद्यार्थी पुन्हा चर्चेतून गेला.

डिसेंबर 2020 मध्ये आकुफो-आडो 51.3 टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. संसदेत दोन्ही पक्षांना 137-137 जागा आणि एक अपक्ष. सेंट्रल रीजनमध्ये एनडीसीच्या जागा 2016 च्या तुलनेत बऱ्याच वाढल्या. निकालाविरुद्ध महामा सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2021 मध्ये याचिका फेटाळली गेली.

मधली वर्षं

या चार वर्षांत असं काही घडलं की जुना वाद नव्या उजेडात आला. परत सुरू केलेला भत्ता थकू लागला. देशाचं कर्ज हाताबाहेर गेलं. डिसेंबर 2022 मध्ये महागाईचा दर 54.1 टक्क्यांवर पोचला. 2023 मध्ये पुन्हा नाणेनिधीचं दार ठोठवावं लागलं, या वेळी तीन अब्ज डॉलरसाठी. कागदावर भत्ता होता, पण वेळेवर हातात पडत नव्हता, आणि पडला तरी बाजारात त्याचं मोल उरलं नव्हतं.

तिजोरीच्या ज्या ओढाताणीने 2013 मध्ये निर्णय घ्यायला लावला होता, ती ओढाताण कुणा एका पक्षाची नव्हती, हे लोकांना आता स्वतःच्या अनुभवातून दिसलं. नाना जेन यांच्यावरचा राग निवळायला कुठल्याही भाषणापेक्षा ही थकबाकीच जास्त उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं.

तिसरा निर्णयबिंदू: 2024

हरलेल्या जोडीतला एक मोहरा बदलणं ही कुठल्याही पक्षाची पहिली प्रतिक्रिया. पक्षात तरुण उमेदवार द्या, अर्थकारणातला माणूस द्या असे सूर होते. नाना जेन 72 वर्षांच्या होत्या. मार्च 2024 मध्ये महामांनी पुन्हा त्यांचंच नाव पुढे केलं आणि पक्षाने ते मान्य केलं.

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा निर्णय मला हा वाटतो. 2020 मध्ये बाईला उमेदवारी देणं ही बातमी होती. हरल्यावरही तिलाच पुन्हा देणं, यातून ती उमेदवारी केवळ नावीन्यासाठी नव्हती हे सिद्ध झालं. पुरुष उमेदवारांना ही मुभा सर्रास मिळते. महामा स्वतः 2016 आणि 2020 हरून पुन्हा उभे होते, आकुफो-आडोही दोन पराभवांनंतर राष्ट्राध्यक्ष झाले होते. बाई हरली की मात्र ‘प्रयोग फसला’ म्हणतात आणि पुढची वीस वर्षं कुणाला पुढे करत नाहीत.

समोर एनपीपीचे महामुदु बावुमिया उभे राहिले आणि त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडले मॅथ्यू ओपोकू प्रेम्पे. म्हणजे एका बाजूला भत्ता बंद झाला तेव्हाच्या शिक्षणमंत्री, दुसऱ्या बाजूला भत्ता परत दिला तेव्हाचे शिक्षणमंत्री. जुना वाद समोरासमोर निकाली लागावा अशीच ही मांडणी होती. पण मतदाराचं लक्ष एव्हाना महागाई, बेकारी आणि नद्या गढूळ करणाऱ्या बेकायदा सोन्याच्या खाणींकडे गेलं होतं.

7 डिसेंबर 2024 ला मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी बावुमियांनी पराभव मान्य केला. महामा-नाना जेन जोडीला 56 टक्क्यांहून अधिक मतं मिळाली.

7 जानेवारी 2025, अक्रा, ब्लॅक स्टार चौक. शपथ देणाऱ्या सरन्यायाधीश गर्ट्रूड टोर्कोर्नू, शपथ घेणाऱ्या नाना जेन. दोन बायका समोरासमोर उभ्या, आणि भोवती आफ्रिकेतल्या अनेक देशांचे प्रमुख. त्याच वेळी नव्या संसदेतल्या 276 खासदारांत महिला 40 च्या आसपास होत्या. सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळालेला सकारात्मक कृती कायदा सार्वजनिक पदांवर बायकांचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगतो. एकीचा शपथविधी झाला म्हणून ही संख्या आपोआप वाढणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जामीनदाराची अट आधी काढायला हवी होती आणि भत्ता नंतर. क्रम उलटा झाला आणि सगळा राग त्या उलट्या क्रमातून आला. शिकून बाहेर पडणारा विद्यार्थी बहुतेक सरकारी शाळेतच नोकरीला लागणार होता, त्याचा पगार सरकारच्याच हातून जाणार होता. हप्ता पगारातून कापून घेणं शक्य होतं. मग जामीन कशाला?

तिसऱ्या वर्षाचा, गावच्या शाळेत शिकवण्याच्या वर्षाचा भत्ता ठेवता आला असता. त्या वर्षी विद्यार्थी खरोखर शाळेत काम करतो. त्याला ‘भत्ता’ न म्हणता ‘मानधन’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांना देण्यापेक्षा खर्च कमी, आणि कुणाची गरज किती हे मोजण्याची भानगडही नाही. चौथ्या मार्गाची कच्ची आवृत्ती म्हणालो होतो, ती हीच.

ज्यांचा फायदा झाला त्यांना कुणी पुढे आणलं नाही, हेही चुकलं. कोटा उठल्यामुळे ज्यांना प्रवेश मिळाला, ती मुलं हजारोंच्या संख्येत होती. त्यांचं म्हणणं कधी ऐकू आलं नाही. गमावणाऱ्याला काय गमावलं ते पक्कं ठाऊक असतं. मिळवणाऱ्याला आपण कशामुळे आत आलो हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दर वर्षी प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर आधीचा कोटा आणि यंदाचे प्रवेश असे दोन आकडे लावले असते, तरी चर्चा वेगळी झाली असती.

मंत्री संसद सदस्य नसणं ही सोय होती की उणीव, यावर मी अजून एका मताला आलेलो नाही. मतदारसंघ असता तर दर शनिवारी कुणीतरी आई दारात येऊन ‘माझ्या मुलीला जामीनदार मिळत नाही’ म्हणाली असती आणि अर्जातला तो रकाना पहिल्या सहामाहीतच दुरुस्त झाला असता. पण मतदारसंघ असता तर कोट्याला हात लावायची हिंमत झाली असती का, हाही प्रश्न आहेच.

आजची स्थिती

भत्ता आजही चालू आहे. नाना जेन ज्या सरकारात उपराष्ट्राध्यक्ष आहेत, त्याच सरकारवर तो वेळेवर देण्याची जबाबदारी आहे. अध्यापक महाविद्यालयांत 2018 पासून तीन वर्षांच्या पदविकेऐवजी चार वर्षांची पदवी आली, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक वर्षाचा खर्च वाढला.

विद्यार्थी कर्जासाठीची जामीनदाराची अट 2022 मध्ये निघाली. ती काढली दुसऱ्या पक्षाच्या सरकारने. 2013 मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी तेव्हा पदविका घेऊन सहा वर्षं झाली होती.